मराठीतला स्ट्रूप, म्हणजे शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा प्रयोग: परभणीतल्या एका कॉलेज लॅबच्या प्रकल्प नोंदी

5 ऑगस्ट 2024, सोमवार

आजपासून तारीख टाकून लिहायचं ठरवलंय, कारण मागच्या वर्षी कुठली सेटिंग कशासाठी बदलली ते दिवाळीनंतर मलाच आठवेना. काम असं आहे की एमए सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आमच्याकडं अजून टॅकिस्टोस्कोप (शब्द किंवा चित्र क्षणभर दाखवायचं यंत्र), मेमरी ड्रम (पाठ करायचे शब्द एकेक करून दाखवणारं फिरतं पिंप), आरशात बघून चांदणी गिरवायचं यंत्र आणि एक स्टॉपवॉच एवढंच आहे. टॅकिस्टोस्कोपचं शटर अडकतं. आणि स्टॉपवॉचनं उत्तराला लागलेला वेळ, म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम घेतला की त्यात पोराचा वेळ किती आणि बटण दाबणाऱ्या दुसऱ्या पोराचा किती हे कुणालाच सांगता येत नाही, तरी जर्नलात ते आकडे शाईनं लिहिले जातात. हे मला बघवत नाही. सरांना म्हणलं कॉम्प्युटर लॅब दुपारी दोननंतर रिकामी असते, आठ मशीन आहेत, आपण प्रयोग तिथं नेऊ. सर म्हणले न्या, पण खर्चाचं काही मागू नका.

खर्चाचं मागायचं नाही म्हणल्यावर, असे प्रयोग कॉम्प्युटरवर चालवायच्या सॉफ्टवेअरपैकी ई-प्राइम बाद, त्याला विकतचं लायसन्स लागतं. सायकटूलबॉक्स मॅटलॅब या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरवर आणि त्याच्यासारख्याच फुकटच्या ऑक्टेव्हवर चालतो, पण सगळा कोड हातानं लिहायचा, आणि आमच्या पोरांनी मॅटलॅबचं नावच पहिल्यांदा ऐकलेलं. राहिले सायकोपाय, ओपनसेसमी आणि ब्राउझरमधला जेएससायक. सायकोपायपासून सुरुवात करतेय, कारण त्यात बिल्डर आहे, डब्बे ओढून टाइमलाइनवर ठेवायचे आणि मागं पायथॉनचा कोड आपोआप तयार होतो. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जोनाथन पियर्स यांनी 2002 च्या आसपास हे सुरू केलं, 2007 ला त्यावर पेपर आला, तेव्हापासून फुकटच आहे.

इन्स्टॉलर अर्ध्या जीबीच्या वर. कॉलेजचं नेट दोनदा मधेच तुटलं म्हणून शेवटी घरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवून पेनड्राइव्हवर आणला.

7 ऑगस्ट

आठपैकी पाच मशीनवर चढलं. तीन जुन्या आहेत, त्यांच्यावर नवीन व्हर्जन चालेना, त्या सोडून दिल्या.

सायकोपायसोबत तयार डेमो येतात, त्यात स्ट्रूपचा पण आहे, इंग्रजी शब्द, तीन रंग, तीन बाणांच्या की. वर्गातल्या सहा जणांना बसवलं. स्ट्रूप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला दाखवायचा आणि विचारायचं शाईचा रंग सांग, शब्द वाचू नको. माणूस अडखळतो, कारण वाचायचं नाही असं ठरवून वाचणं थांबत नाही. जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 ला हे छापलं. नुसत्या रंगाच्या शंभर चौकटी सांगायला लोकांना सरासरी 63 सेकंद लागले आणि चुकीच्या शाईतले शंभर शब्द आले की 110 सेकंद. छापील कागद आणि घड्याळ, एवढ्यावर.

तर सहा जणांपैकी सेकंड इयरची जी मुलगी गंगाखेडकडच्या गावातून लालपरीनं येते, ती संपल्यावर म्हणली, "मॅडम हे सोपं गेलं, मी शब्द वाचलेच नाहीत, नुसता कलर बघू बघू दाबलं." मला आधी वाटलं हिचं अवधान फार चांगलं आहे. मग विचारलं शाळा कुठली, तर पदवीपर्यंत सगळं मराठी माध्यम.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. तिच्यासाठी इंग्रजी शब्द म्हणजे जाणूनबुजून वाचायची गोष्ट आहे, आपोआप होणारी नाही, आणि स्ट्रूपचा सगळा खेळ तर आपोआप वाचलं जाण्यावर उभा आहे. मग मी तिचा आकडा काढून 'हिचं इनहिबिशन उत्तम', म्हणजे नको ती प्रतिक्रिया ही चांगली रोखते, असं लिहिलं तर ते साफ खोटं होईल, मी तिचं अवधान मोजलंच नाही, तिला इंग्रजी किती सवयीचं आहे ते मोजलं. दोन भाषा येणाऱ्यांवर प्रेस्टन आणि लॅम्बर्ट यांनी 1969 ला स्ट्रूप केला होता तो याच वाटेवरचा प्रश्न आहे. म्हणजे मराठीत करणं ही नटवायची गोष्ट नाही, मराठीत नसेल तर आमच्या पोरांपुरता हा प्रयोगच होत नाही. पुढचे दोन महिने यावरच घालवायचे ठरवले.

12 ऑगस्ट

शब्द ठरवले. लाल, निळा, हिरवा, पिवळा. शेवट 'रंग' धरून पुल्लिंगी, म्हणजे निळी का निळं का हा घोळ नको. वर्गात अर्धी पोरं बोलताना ब्ल्यू, ग्रीन म्हणतात हे खरं, पण वाचलेलं असतं निळा, हिरवाच, आणि इथं वाचण्याशी मतलब.

न्यूट्रल शब्दांना मात्र अख्खी दुपार गेली. रंगाशी संबंध नसलेले, तेवढ्याच अक्षरांचे आणि शक्यतो तशाच वेलांटीचे चार शब्द पाहिजेत. लालसाठी दार, हे पटकन झालं. निळासाठी विळा लिहिला, सर म्हणले हा निळ्यासारखाच दिसतो, पोरं निळाच वाचतील, बरोबर होतं. मग दिवा लिहिला, तर ती गंगाखेडची मुलगी म्हणली दिवा म्हणलं की मला पिवळंच दिसतं. मी खुश झाले, कारण हे अगदी नेमकं निरीक्षण आहे, क्लाइन यांनी 1964 ला दाखवलंय की रंगाची नावं नसलेले पण रंगाची आठवण देणारे शब्द, गवत, आभाळ असले, ते पण अडथळा करतात. ती तो पेपर न वाचता तिथं पोचली. शेवटी खिसा घेतला. हिरवा आणि पिवळ्यासाठी चिमटा आणि निरोप. चिमटा काळा असतो असं एक जण म्हणला, पण काळा आपल्या चार रंगात नाही, ठेवला.

14 ऑगस्ट, रात्री

फर्स्ट इयरचा एक पोरगा संध्याकाळी डीटीपीच्या दुकानात काम करतो, त्यानं कौतुकानं सगळे शब्द, सूचना, संमतीपत्र टाइप करून आणलं. मशीनवर उघडलं तर सगळं रोमन अक्षरांचं भुस्कट. दुकानात श्रीलिपीत टाइप केलेलं. त्याला समजावलं की त्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेलं अक्षर वेगळंच असतं, फॉन्ट वरून त्याला मराठीचा चेहरा देतो, फॉन्ट काढला की चेहरा गेला. युनिकोड या सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत 'ल' हा स्वतः ल म्हणूनच साठतो. त्यानं परत पहिल्यापासून टाइप केलं, तक्रार नाही, काही नाही.

युनिकोडची यादी सायकोपायच्या टेक्स्टबॉक्समध्ये, म्हणजे मजकूर दाखवायच्या डब्ब्यात, टाकली. पहिल्यांदा नुसते चौकोन, कारण ठरलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नव्हती. फॉन्ट बदलून निर्मला केला. अक्षरं आली. आणि मागून डीटीपीवाला म्हणतो, "मॅडम, वेलांटी कुणीकडं चालली बगा."

ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडं बसायला पाहिजे ती पलीकडं जाऊन बसलेली. युनिकोडमध्ये 'नि' साठवताना आधी न आणि मग वेलांटी असाच क्रम असतो, दाखवताना ती उचलून अलीकडं आणायचं काम अक्षरं जुळवणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचं असतं, आणि टेक्स्टबॉक्स आमच्या मशीनवर ते करत नव्हता, एकेक तुकडा आला तसा मांडत होता. आता बघा काय झालं. निळा, हिरवा, पिवळा, तिन्हीत ऱ्हस्व वेलांटी. फक्त लाल शाबूत. म्हणजे हे कुणाच्या लक्षात आलं नसतं तर लाल शब्द भराभर वाचला गेला असता, बाकीचे तीन फुटलेले, आणि आम्ही निकालात लिहिलं असतं की लाल शब्द जास्त अडथळा करतो, लाल रंग धोक्याचा असतो ना म्हणून. त्यावर चर्चेचं पानभर पण लिहिलं असतं कुणीतरी. मला हे लिहिताना सुद्धा धडधडतंय. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला हा दोष दिसणारच नाही, तो आपणच बघायचा.

21 ऑगस्ट

आठवडाभर तीन वाटा बघितल्या.

ओपनसेसमी टाकून बघितलं, सेबास्टियान मथोत यांचं, 2012 चा पेपर. त्यात वेलांटी जागेवर, जोडाक्षरं नीट. मांडणी पण छान आहे, डावीकडं प्रयोगाचा झाडासारखा आराखडा दिसतो, नवीन माणसाला कळतं आपण कुठं आहोत. मराठी मजकूर जास्त असेल, म्हणजे वाक्य वाचायचे प्रयोग असतील, तर पुढच्या वर्षी मी त्याच्याकडंच जाईन.

जेएससायक डीटीपीवाल्याला दिलं, त्याला एचटीएमएल येतं. जोश द लू यांनी केलेलं, 2015 चा पेपर, सगळं ब्राउझरमध्ये चालतं. त्यानं एका रात्रीत उभं केलं आणि मराठी पहिल्या फटक्यात बरोबर, कारण अक्षरं जुळवायचं काम ब्राउझर करतो आणि ब्राउझरला ते कधीचं येतंय. ज्या तीन जुन्या मशीन सोडल्या होत्या त्यांच्यावरसुद्धा चाललं. अडचण एवढीच की निकालाची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की मराठी शेरे सगळे किचमिड होतात, आधी एक्सेल उघडून मग डेटा इम्पोर्टमधून यूटीएफ-8 (युनिकोड साठवायचा एक प्रकार) निवडायचं, मग येतं. पोरांचं म्हणणं होतं मग मोबाईलवरच करू, सगळ्यांकडं आहे. नको म्हणलं. कुणाचा स्वस्त, कुणाचा महाग, कुणी अंगठ्यानं दाबणार कुणी बोटानं, टचस्क्रीनचा उशीर प्रत्येकाचा वेगळा, त्यात मिलीसेकंदांचे फरक कुठले शोधता. घरी सराव करायला ते व्हर्जन देऊ.

तिसरी वाट, सायकोपायमध्येच ठेवून शब्दांऐवजी शब्दांची चित्रं दाखवायची. हीच घेतली. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नोटो सान्स देवनागरी फॉन्टमध्ये शब्द टाइप करायचा, रंग द्यायचा, पीएनजी काढायची. चित्र झालं की मग कुठल्या मशीनवर कुठला फॉन्ट आहे नाही, काही फरक पडत नाही, शब्द फुटूच शकत नाही. चार शब्द चार रंगात सोळा, आणि न्यूट्रल चार शब्द प्रत्येकी तीन रंगात बारा, एकूण अठ्ठावीस चित्रं. पार्श्वभूमी राखाडी ठेवली, पांढऱ्यावर पिवळा दिसत नाही. सगळ्या चित्रांत शिरोरेषेची उंची एकच ठेवली, हे डीटीपीवाल्यानं सुचवलं आणि गाइडलाइन लावून एकेक तपासलं, मला ते सुचलं नसतं.

27 ऑगस्ट

बिल्डरमधली मांडणी झाली. मधोमध अधिकचं चिन्ह, मग शब्दाचं चित्र, उत्तर येईपर्यंत नाहीतर दोन सेकंद, मग एक सेकंद रिकामं. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे एका फेरीत, छत्तीस ट्रायल, म्हणजे छत्तीस वेळा चित्र आणि उत्तर: शब्द आणि शाई जुळणारे बारा, न जुळणारे बारा, न्यूट्रल बारा. चार ब्लॉक. क्रम यादृच्छिक. सुरुवातीला सरावाच्या बारा, त्या मोजायच्या नाहीत.

पोरांना करायला दिलं तेव्हा दोन तास एकच चित्र परत परत यायचं, यादीत छत्तीस ओळी असून. कारण चित्राच्या रकान्यापुढं 'कॉन्स्टंट' राहिलेलं, तिथं 'सेट एव्हरी रिपीट' करावं लागतं, आणि रकान्याच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह, नाहीतर ते नावालाच फाइल समजून शोधत बसतं. या दोन गोष्टी भिंतीवर कागदावर लिहून चिकटवल्या.

गंगाखेडच्या मुलीनं आज फार खोलातला प्रश्न विचारला. म्हणली, "मॅडम, लाल शब्द सहा वेळा येतोय, त्यातले तीन वेळा लालच शाईत, मग मी शब्द वाचला तर मला फायदाच आहे की." बरोबर आहे. चार रंग आहेत म्हणजे निव्वळ योगायोगानं शब्द आणि शाई चारात एकदा जुळायला पाहिजे, आमच्याकडं दोनात एकदा जुळते, म्हणजे शब्द थोडी चुगली करतो. जुळणारे कमी केले तर त्यांची सरासरी काढायला ट्रायल पुरत नाहीत. बऱ्याच प्रयोगांत हे असंच ठेवतात. आम्ही पण ठेवलं, पण पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहायचं आणि अडथळा मोजताना न्यूट्रलशी तुलना मुख्य धरायची असं ठरलं.

की डी, एफ, जे, के. प्रत्येकीवर त्या रंगाची टिकली लावली, बाजारातून पाच रुपयाच्या पाकिटात चारी रंग मिळाले. लॅबचे मामा आधी नाराज होते की कीबोर्डला डिंक लागेल, नंतर स्वतःच सरळ रेषेत लावून दिल्या.

3 सप्टेंबर

परवा आणि काल अतिवृष्टी. पोळा कालच होता, बैल कुठं मिरवणार, पोरांच्या गावाकडं नद्या ओढे भरून वाहतायत, सोयाबीन पाण्यात. आज वर्गात चारच जण. प्रयोगाचं कुणाला बोलवायचा प्रश्नच नाही, ज्यांची शेतं गेली त्यांच्याकडून अवधान मोजायला मागणं मला बरोबर वाटत नाही. एक आठवडा थांबवलं.

रिकाम्या लॅबमध्ये टायमिंग तपासत बसले, बरं झालं बसले ते. स्क्रीन सेकंदाला साठ वेळा नवीन होते, म्हणजे एक फ्रेम 16.7 मिलीसेकंदाची, त्याच्या मधे कुठं चित्र बदलताच येत नाही. म्हणून वेळ सेकंदात न देता फ्रेममध्ये द्यायची शिस्त पाळली होती, अधिकचं चिन्ह 30 फ्रेम, म्हणजे 500 मिलीसेकंद. पाच मशीनवर चालवून सायकोपायच्या लॉगमध्ये बघितलं तर चारांवर 500 आणि खिडकीजवळच्या एकीवर 400. तासभर कळेना. मग मॉनिटरच्या सेटिंगमध्ये गेले तर ती स्क्रीन कुणीतरी 75 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 75 वेळा नवीन होईल अशी, ठेवलेली. तीस फ्रेम भागिले 75, चारशे. बरोबर हिशेब, चूक माझी गृहीत धरण्याची. 60 वर आणली आणि प्रत्येक मॉनिटरला मागं चिठ्ठी लावली, 60 हर्ट्झ, बदलू नये.

दुसरं सापडलं ते अँटीव्हायरस. दुपारी साडेतीनला आपोआप स्कॅन सुरू होतो आणि त्या वेळेत फ्रेम गळतात, म्हणजे चित्र ठरल्या वेळी बदलत नाही. वेळ रात्रीची करून घेतली.

सॉफ्टवेअरला दोष द्यायला जागा कमीच आहे खरंतर. 2020 ला एक मोठी तपासणी छापली गेली, त्यात स्क्रीनवर फोटोडायोड (उजेड टिपणारा सेन्सर) लावून वेगवेगळी पॅकेजेस मोजली, लॅबमध्ये चालवल्यावर सायकटूलबॉक्स, ई-प्राइम, प्रेझेंटेशन, सायकोपाय या सगळ्यांच्या वेळेतला चढउतार सरासरी मिलीसेकंदाच्या आत आला. तपासणाऱ्यांत सायकोपायवाले पियर्स स्वतः होते हे पोरांना मुद्दाम सांगितलं, वाचताना हे बघायची सवय लागावी म्हणून. पण तिथं वेगळा बटणबॉक्स होता आणि आमच्याकडं साधे यूएसबी कीबोर्ड. साधा कीबोर्ड काही मिलीसेकंद उशिरा कळवतो. एकाच माणसाच्या दोन सरासऱ्या वजा करताना जो उशीर कायमचा असतो तो दोन्हीकडून उडून जातो, पण जो वरखाली होतो तो राहतो, आणि त्याला इलाज एकच, ट्रायल जास्त घ्यायच्या. म्हणून चार ब्लॉक. म्हणून एका मुलाचा रिअ‍ॅक्शन टाइम दुसऱ्या मशीनवरच्या मुलाशी थेट लावायचा नाही, हे पण भिंतीवर.

11 सप्टेंबर

पायलट, म्हणजे खऱ्या प्रयोगाआधीची चाचणी, सुरू. लाइट गेली. दोनच मशीनच्या यूपीएसमध्ये जीव आहे, बाकी तीन बंद आणि तिघांची तिसऱ्या ब्लॉकपर्यंतची मेहनत पाण्यात, कारण फाइल प्रयोग संपल्यावर लिहिली जाते. एस्केप दाबून बाहेर पडलं तर वाचते, वीज गेली तर नाही. कोडचा छोटा तुकडा घालून प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी फाइल लिहून ठेवायची सोय केली. त्या तिघांना परत बोलवता येणार नाही, सराव झालेला माणूस नवीन म्हणून मोजता येत नाही. त्यांची माफी मागितली. त्यातला एक पाथरीहून आला होता.

लॅपटॉपवर करू का असं सर म्हणले, बॅटरी असते. करून बघितलं, चार्जर काढला की मशीन वीज वाचवायला लागते आणि फ्रेम गळायला लागतात. दोन यूपीएसवाल्या मशीनवरच घेणार, वेळ लागेल तेवढा लागू दे. मला तासिका तत्त्वावर तासाचेच पैसे मिळतात, हा वेळ त्यात धरलेला नाही, पण घाईत घेतलेला डेटा मला नको आहे.

18 सप्टेंबर

काल मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, सुट्टी. आज सहा जण झाले.

रंगाचा प्रयोग म्हणून आम्ही आधी प्रत्येकाला इशिहाराची, म्हणजे रंग ओळखता येतात का ते रंगीत ठिपक्यांतल्या आकड्यांवरून तपासायची, पुस्तिका दाखवतो, कपाटात छापील आहे, स्क्रीनवरची नाही चालत, रंग बदलतात. आज एका मुलाला तिसऱ्या पानापासून आकडे दिसेनात. तो लगेच म्हणला, "मॅडम माझं भरतीत काही होईल का हो?" दोन वर्षं तो सकाळी चारला उठून मैदानावर पळतोय, पोलीस भरतीसाठी. मी काहीच बोलू शकले नाही मिनिटभर. आमच्या फॉर्मवर त्याला एकच ओळ होती, 'रंगदृष्टी चाचणी अपूर्ण असल्यास सहभाग नाही'. ती ओळ मी लिहिताना माझ्यासमोर डेटा होता, असा मुलगा नव्हता.

त्याला बाहेर बसवून सांगितलं की ही फक्त चाळणी आहे, डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं निदान नाही, लॅबमधला उजेड पण त्या पुस्तिकेला पाहिजे तसा नाही, आधी नेत्रतज्ज्ञाला दाखव, काय ते त्यांच्याकडून समजून घे, आणि आमच्याकडून हे कुणालाही कळणार नाही. त्याच्या कागदावर नाव नव्हतंच, नुसता नंबर, तो कागद त्याच्यासमोर फाडला. दारात पुढच्या नंबरची मुलं बसली होती, त्यांना कळू नये म्हणून त्याला पाच मिनिटं आतच बसवून न्यूट्रल शब्दांचा सराव करू दिला.

संध्याकाळी संमतीपत्र बदललं. आता त्यात पहिल्याच परिच्छेदात आहे की रंग ओळखण्याची एक छोटी तपासणी होईल, त्यात काही वेगळं आढळलं तर फक्त तुम्हालाच सांगू, आणि ते ऐकायचं नसेल तर आत्ताच नाही म्हणा, कारण सांगायची गरज नाही. प्रयोगाआधी हे तोंडी पण सांगायचं. चाळणी आता दार लावून, एकेकाची. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी कुठला डब्बा नाही, हे माणसानं करायचं काम आहे आणि आम्ही ते उशिरा केलं.

24 सप्टेंबर

बावीस जण पूर्ण झाले. आकडे इथं लिहीत नाही, पायलट आहे, सेटिंग्ज मधे बदलल्यात, यातून निष्कर्ष काढायचा नाही असं सगळ्यांचं ठरलंय. एवढं मात्र लिहिते की गंगाखेडची मुलगी मराठी व्हर्जनला बसली (तिला शब्द माहीत होते म्हणून तिचा डेटा धरला नाही) आणि पहिल्याच ब्लॉकमध्ये दोनदा "अर्र" म्हणली. संपल्यावर माझ्याकडं बघून म्हणली, "आता वाचल्याशिवाय राहवेना." सात ऑगस्टला ज्या प्रश्नानं झोप गेली होती त्याचं उत्तर तिच्या चेहऱ्यावर होतं.

पण लगेच दुसरा आला. आजच्या एका मुलीनं संपल्यावर सांगितलं, "मॅम, मराठी पढ़ लेती मैं, पन पहले उर्दूच आँखों में आती." दहावीपर्यंत उर्दू माध्यम. मराठी तिला शाळेत विषय म्हणून होती, वाचते चांगली, पण इंग्रजी डेमोमध्ये आम्ही गंगाखेडच्या मुलीवर जो अन्याय केला असता तोच मराठी करून हिच्यावर करत होतो. परभणीत राहून हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, आमच्या वर्गात दरवर्षी चारपाच मुलं उर्दू शाळेतून येतात. माहितीच्या फॉर्ममध्ये 'शाळेचं माध्यम' हा रकाना आजच घातला, पहिली ते चौथी वेगळा आणि पाचवी ते दहावी वेगळा, कारण वाचायची सवय पहिल्या वर्षांत बसायला लागते आणि बऱ्याच जणांचं माध्यम मधे बदलतं.

तिला विचारलं उर्दूचा संच करायला मदत करशील का. लगेच हो म्हणली.

1 ऑक्टोबर

तिनं शब्द ठरवले: लाल, नीला, हरा, पीला. न्यूट्रल शब्दांवर तिची आणि तिच्या मोठ्या भावाची घरी चर्चा झाली म्हणे, अजून एक ठरायचाय.

चित्रांची वाट धरली त्याचा खरा फायदा आज कळला. उर्दू उजवीकडून डावीकडं, नस्तालीक या उर्दूच्या लिहिण्याच्या वळणात अक्षर उतरत्या रेषेत एकमेकांवर चढतं, हे थेट टेक्स्टबॉक्समध्ये घालायला गेलो असतो तर वेलांटीचं दुखणं किरकोळ वाटलं असतं. चित्र केल्यावर सायकोपायला काही देणंघेणंच नाही, तो फक्त फाइल उचलून दाखवतो. यादीच्या एक्सेलमध्ये फोल्डरचं नाव बदललं की झालं. डीटीपीवाल्यानं त्याची गाइडलाइन उघडली आणि दोघं अडकले, नस्तालीकला शिरोरेषाच नाही, मग उंची कुठून मोजायची. अर्ध्या तासानं तिनं ठरवलं की शब्दाचा पूर्ण चौकोन घ्यायचा आणि त्याचा मध्य स्क्रीनच्या मध्यावर आणायचा, मग मराठीची चित्रं पण तशीच परत काढायला लागतील, नाहीतर दोन संच सारखे म्हणता येणार नाहीत. अठ्ठावीस चित्रं परत. डीटीपीवाला म्हणला काढतो, दसऱ्याच्या सुट्टीत.

पीला हा शब्द पीएनजीमध्ये निळ्या शाईत पहिल्यांदा स्क्रीनवर आला तेव्हा मी तिला काही न सांगता की दाबायला सांगितलं. तिचं बोट पिवळ्या टिकलीवर गेलं, थांबलं, आणि मग निळ्यावर आलं.

मामांना उद्या अजून एका यूपीएसच्या बॅटरीचं बघायला सांगितलंय.